एक ब्रास वाळू, एक बाटली काच

३ मार्च

गिरणा नदीतून दहा किलो वाळू घरी आणायची असेल तर परवानगी कुणाची घ्यायची? मला माहीत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री, प्रथम श्रेणी, घरातली पहिली पदवीधर, आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, शेतातल्या पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, अंगणात रचत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "परवानगी कसानी? नदी काय कोना बापनी शे?" आईने तर वरच बघितलं नाही. "घमेलं तठे शे. लई ये."

घमेलं घेऊन मी निघालेही होते. मग वाटलं, नाही. उद्या माझा कारखाना झाला आणि कुणी विचारलं की पहिली वाळू कुठून आणली, तर मी काय सांगू?

कारखाना सोडियम सिलिकेटचा. म्हणजे पाण्यात विरघळणारी काच, मधासारखी घट्ट. जळगावला चारुलताताई केळीसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवतात. पुठ्ठे चिकटवायला त्यांना हेच लागतं, आणि ते पिंपांतून परराज्यातून येतं. माझ्या पुस्तकात कृती दोन ओळींची आहे: वाळू आणि सोडा एकत्र तापवावा, मिळालेली काच पाण्यात विरघळवावी. दोन ओळी! गिरणा आमच्या दारात आणि चिकटवायला पाणी परमुलखाचं?

६ मार्च

तालुक्याच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी विचारलं, "किती ब्रास?" एक ब्रास म्हणजे ट्रॉलीभर.

"दहा किलो," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. "ताई, किलोत वाळू मागायला आलेलं पहिलं माणूस तुम्ही. खरं तर मागायला आलेलंच पहिलं." मला फार अभिमान वाटला.

कारणाच्या रकान्यात सोडियम सिलिकेट लिहिलं. ते म्हणाले, "म्हणजे बांधकामच ना?" मी नाही म्हटलं आणि त्यांना वाळूतला सिलिका समजावून सांगितला. ते चहा प्यायला गेले, तोवर मी अर्जाच्या शेवटी आणखी एक वाक्य घातलं: "गिरणेच्या पात्रातून सध्या कोण, कोणत्या ठिकाणाहून आणि किती वाळू नेतो याची माहिती मिळाल्यास मला सर्वांत स्वच्छ वाळूची जागा निश्चित करता येईल." शास्त्रीय काम करायचं तर नमुन्याची जागा नीट ठरवावी लागते. भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. शिक्का मात्र लगेच मारला.

१० मार्च

गावातली माणसं माझ्याशी एकदम आदराने वागायला लागली आहेत. शिक्षणाचा परिणाम उशिरा का होईना होतो.

आज स्टँडवरून चालत येत होते, तर वनाभाऊंनी मोटारसायकल थांबवली. वनाभाऊंचे चार ट्रॅक्टर आहेत आणि ते रात्रीचे चालतात. दिवसा ऊन असतं म्हणून असेल. एरवी ते मला "प्रेमराजनी पोर" म्हणतात. आज म्हणाले, "बस ना ताई. इतला उन्हामा पायी?"

वाटेत त्यांनी विचारलं, "अर्जमा काय लिखं तू?"

"गिरणेतून कोण वाळू नेतं त्याची माहिती मागितली आहे."

गाडी जरा वाकडी गेली. मग म्हणाले, "तुना मांगे कोण शे?"

मी म्हटलं, "विज्ञान."

"ते ठीक शे. पन मानूस कोण?"

मी त्यांना काच कशी बनते ते घर येईपर्यंत सांगितलं. त्यांनी इतकं मन लावून ऐकलं की उतरल्यावर घाम पुसत होते. जाताना एवढंच विचारलं, "म्हणजे तुले फक्त रेतीच पाहिजे ना?" मी म्हटलं, हो, फक्त रेती, आणि स्वच्छ. "भेटी जाई," ते म्हणाले.

१४ मार्च, धुळवड

विश्वासच बसत नाही. सकाळी दार उघडलं तर अंगणात वाळूचा ढीग! पुरी एक ब्रास. धुतलेली, चाळलेली. शासन इतकं तत्पर असेल असं मला वाटलं नव्हतं. अर्ज केवळ दहा किलोचा होता, पण मला वाटतं त्यांच्याकडे किलोचं मापच नसल्यामुळे त्यांनी कमीत कमी ते मंजूर केलं.

आबा ढिगाभोवती दोन फेऱ्या मारून आले. "रूपा, हाई कोनी टाकी?"

"शासनाने."

आबांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाला रंग होता, त्यामुळे त्यांचा चेहरा नीट कळला नाही. आई पदर खोचून पुढे आली, मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली. मग मागच्या नव्या खोलीकडे बघितलं. त्या खोलीला पत्रे आहेत, भिंती आहेत, पण आत गिलावा नाही आणि खाली जमीन नाही. वाळू मिळत नाही म्हणून दिवाळीपासून काम पडलंय. आत आता शेळी असते.

"चांगली शे," आई म्हणाली. एवढंच.

मी लगेच स्पष्ट केलं की ही वाळू प्रयोगासाठी मिळाली आहे आणि तिचा दुसरा उपयोग करणं म्हणजे शासनाची फसवणूक. ढिगावर ताडपत्री टाकली, कडेने विटा ठेवल्या आणि पाटी लावली: "प्रयोगासाठी. हात लावू नये." मी स्वतः उजव्या कोपऱ्यातूनच वाळू घेणार, म्हणजे नमुना बदलणार नाही.

२१ मार्च

पहिला प्रयोग. नवलभाऊंच्या वर्कशॉपमध्ये नांगराचे फाळ तापवायची भट्टी आहे, तिला विजेवरचा भाता आहे. जळगावच्या सराफ बाजारातून आणलेल्या मुशीत वाळू आणि धुण्याचा सोडा घातला. नवलभाऊ फाळ बाजूला ठेवून बघत बसले. मिश्रण फसफसलं, मग लाल झालं, मग पाकासारखं हललं. नवलभाऊ ओरडले, "ताई, काचना पाक!"

ओतलं. थंड झाल्यावर काळा कुळकुळीत गोळा हाती आला. तो पाण्यात विरघळायला हवा होता. बादलीत टाकला. संध्याकाळपर्यंत बादलीतलं पाणी तेवढं तापलं, तेही उन्हाने.

२३ मार्च

गोळा अजून बादलीत आहे. आबांनी तो दोनदा उचलून बघितला. दाराला अडसर म्हणून चांगला आहे म्हणाले.

२५ मार्च

पुस्तकात म्हटलंय की दाब वाढवला तर काच लवकर विरघळते. घरात दाबाचं एकच भांडं आहे. गोळा फोडून, पूड करून कुकरमध्ये घातली. नऊ शिट्ट्या झाल्या तेव्हा आई शेतातून आली.

"वं माय! कुकरमा रेती शिजाडस? आनि दाय कशामा शिजाडू मी?"

मी तिला दाबाचं महत्त्व सांगितलं. तिने मला दुसऱ्या कुकरचं महत्त्व सांगितलं. हा कुकर आता माझा. स्वयंपाकाला वापरायचा नाही असं मी त्यावर लिहिलं आहे.

पूड जशीच्या तशी.

२८ मार्च

मोनालीशी फोनवर बोलले. ती माझी कॉलेजची मैत्रीण, धुळ्याला एका प्रयोगशाळेत आहे. तिला वाळूचा नमुना कुरियरने पाठवला होता. हसून तिची पुरेवाट झाली. "अगं रूपा, तुमची गिरणा वाहते काळ्या खडकातून. ही वाळू म्हणजे निम्मा काळा दगडच, त्यात लोखंड. पुस्तकातली वाळू पांढरी असते."

पुस्तक लिहिणाऱ्याने गिरणा पाहिली नव्हती. दिवसभर वाईट वाटलं. पण निम्मा काळा दगड म्हणजे निम्मी तरी कामाची असेलच की! मोनाली म्हणाली, लोहचुंबकाने काळे कण काढ आणि पांढरे निवड.

७ एप्रिल

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून परातीतल्या वाळूवरून फिरवते. काळे कण फडक्याला केसांसारखे उभे राहतात. उरलेल्यातून पांढरे निवडायचे. आई समोर बसून गहू निवडते, मी वाळू. शेजारच्या मंदाबाई काकू म्हणाल्या, "पोर दळाले टाकी का काय रेती!"

नव्या खोलीचं काम सुरू झालं आहे. आईने सांगितलं, "तुना मामानी रेती धाडी, साक्रीथाईन." मामा खरंच मोठ्या मनाचा. ट्रॅक्टर कधी आला ते मला कळलंच नाही. मी दिवसभर भट्टीवर असते. योगायोग म्हणजे मंदाबाई काकूंच्या न्हाणीघरालाही कुणीतरी वाळू पाठवली आहे.

अंगणात पऱ्हाट्यांची रास मात्र एकदम कमी झाली. एवढं सरपण चुलीला लागतं का?

१२ एप्रिल

वावधन, म्हणजे धुळीचं वादळ, आलं होतं. सगळ्या गल्लीत धूळ. मी आधी ताडपत्रीकडे धावले, पण ढीग जागच्या जागी, होता तेवढाच उंच. माझ्या विटांचं हे यश. उजव्या कोपऱ्यातून थोडी वाळू घेतली आणि पुन्हा झाकून टाकलं.

खोलीत डोकावले. शेळीला बाहेर काढलं आहे. गवंडी खिडकीखाली कडप्प्याचा लांब ओटा बांधतोय. स्वयंपाकघर तर आपल्याला आहे, मग हा ओटा कशासाठी? आई म्हणाली, "आठे उभी ऱ्हाय बरं. कंबरलगून येस का?" उभी राहिले. येत होता. ती गवंड्याला म्हणाली, "बस, इतलाच." पाहुण्यांसाठी असेल. पण आमच्याकडे पाहुणे उभ्याने जेवत नाहीत.

१८ एप्रिल

जमलं! जमलं! जमलं!

पांढरी वाळू, सोडा जास्त, भाता पूर्ण जोरात. यावेळी काच हिरवट निघाली, गोटीसोड्याच्या बाटलीसारखी. पूड करून कुकरमध्ये घातली. झाकण उघडलं तर तळाशी थोडा गाळ आणि वर दाट, गढूळ, बोटाला निसरडं लागणारं पाणी. आटवून एक बाटली भरली.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे चिकटवले आणि नवलभाऊंना ओढायला दिले. पुठ्ठा फाटला, जोड नाही सुटला. त्यांनी त्याच हाताने मिशीला पीळ दिला होता. ती सुटायला मात्र गरम पाणी लागलं.

२१ एप्रिल

जळगावला चारुलताताईंकडे जाऊन आले. बाटली उजेडात धरून त्या म्हणाल्या, "रंग मळकट आहे, पण चिकटतं बाई." मग चष्म्यावरून बघितलं. "मला कृतीशी देणंघेणं नाही. किती वाळूतून किती उतरतं, ते सांग. धंद्यात तोच आकडा. आणि तो खोटा निघाला तर पुन्हा तुझ्याकडून काही घेणार नाही."

मी म्हटलं, माझे आकडे खोटे नसतात. महिनाभर पुन्हा पुन्हा करून पक्का आकडा देईन. पहिली बाटली त्यांनी मला परत दिली. घरच्यांना दाखव म्हणाल्या.

गाडीत बाटली मांडीवर धरून बसले होते. समोरच्या आजी म्हणाल्या, "तीर्थ शे का बेटा?"

२२ एप्रिल

यश मिळाल्यावर माणसाने उपकार विसरू नयेत. तालुक्याच्या कार्यालयाला पत्र टाकलं: "माझ्या अर्जास अनुसरून आपण पाठविलेली एक ब्रास वाळू दि. १४ मार्च रोजी माझ्या घरी पोच झाली. वाळू उत्तम होती. आपली ऋणी, रूपा प्रेमराज पाटील."

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सगळ्या लेकी माहेरी येताहेत, गल्लीत झोके बांधलेत. आणि मी घरात बसून रडतेय, म्हणजे मघाशी रडत होते.

दुपारी वनाभाऊ आले. चपला न काढता दारच्या ओट्यावरच उभे. "ताई, आभार कसाले मानात वं तू?"

मी म्हटलं, शासनाने वाळू दिली...

"शासन? शासन कोनाले रेती धाडस का? ती मी धाडी! तू अर्ज मांगे लेशी म्हनीन धाडी. आते तालुकावाला म्हनतस, आमी ते काहीच धाडं नही, मंग रेती कोनी? तलाठी येई ऱ्हायना पंचनामा कराले!"

मला समजायला थोडा वेळ लागला. मग सगळंच समजलं. आदर, मोटारसायकल, "तुना मांगे कोण शे". मी परवानगी मागितली आणि मला लाच मिळाली, आणि त्या लाचेची मी टपालाने पोच पाठवली.

मी म्हटलं, आखाजी झाली की सगळी वाळू नदीत परत नेऊन टाकते. मी फक्त कोपऱ्यातली घेतली आहे.

वनाभाऊंनी आईकडे बघितलं. आईने आबांकडे. आबा झोका बघायला बाहेर गेले.

२ मे

तलाठी आप्पा आले. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात ते आप्पाच. बरोबर कोतवाल आणि फीत. सगळी गल्ली अंगणात. वनाभाऊ लिंबाखाली, नुसते आल्यासारखे.

आप्पांनी माझी पाटी वाचली, मान हलवली आणि कोतवालाला खूण केली. ताडपत्री उचलली.

खाली पऱ्हाट्या.

पऱ्हाट्या, त्यावर गोवऱ्या, त्यावर आमची फुटकी टोपली उलटी घातलेली, म्हणजे ढिगाला टोक नीट यावं. वाळू फक्त उजव्या कोपऱ्यात, दोन-तीन घमेली. कुणीतरी रोज माझा कोपरा तेवढा भरून ठेवत होतं.

गल्लीतला झोका करकरत होता. मी मंदाबाई काकूंकडे बघितलं. त्या आभाळाकडे बघत होत्या. नवलभाऊंना आपल्या मिशीचं काम निघालं. आई नव्या खोलीच्या दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून, जणू कुणी खोली उचलून नेणार आहे. तिच्या मागे नवा गिलावा. साक्रीच्या मामाने मला या वर्षात फोनसुद्धा केलेला नाही, हे तेव्हा आठवलं.

आप्पांनी वही उघडली. "पत्रात एक ब्रास आहे. वाळू टाकली कुणी?"

मी लिंबाखाली बघितलं आणि तोंड उघडलं.

"अज्ञात," आप्पा घाईने म्हणाले आणि लिहूनही टाकलं. मी तोंड मिटलं. हे मला अजून बोचतंय.

"बरं, आता वाळू गेली कुठे? कुणाच्या बांधकामात सापडली तर मला बांधकाम लिहावं लागेल. मग ते पाडायचं की दंड, ते वरचे ठरवतील." त्यांनी गल्लीवरून नजर फिरवली आणि ती आमच्या नव्या खोलीवर थांबवली. आईच्या हातांची बोटं चौकटीवर पांढरी झाली होती.

मी म्हटलं, "प्रयोगात गेली."

"किती?"

"सगळी."

"एक ब्रास?" ते उठून उभे राहिले. "आणि त्यातून झालं काय?"

आत जाऊन बाटली आणली. त्यांच्या हातात दिली. आप्पांनी बाटलीकडे बघितलं, मग ढिगाच्या जागेकडे.

"एवढंच?"

एक ब्रासला एक बाटली, हा आकडा ऐकणारा चारुलताताईंचा चष्मा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, "आप्पा, प्रयोग फसला."

आप्पा बोलून दाखवत लिहीत गेले: "अर्जदाराने सदर एक ब्रास वाळू... प्रयोगात वापरली... प्रयोग पूर्णपणे फसला... शिल्लक द्रव एक बाटली, मुद्देमाल म्हणून जप्त." मी सही केली. प्रथम श्रेणी, आणि सरकारी कागदावर 'पूर्णपणे'. तो शब्द मी सांगितला नव्हता.

मग मुद्देमालाची चिठ्ठी चिकटवायची होती. आप्पांच्या पिशवीतला गोंद उन्हाने दगड झाला होता. "काही चिकट आहे का घरात?" त्यांनी विचारलं. सगळी गल्ली बाटलीकडे बघायला लागली. शेवटी आप्पांनी बाटलीचंच बूच उघडलं, दोन थेंब लावले, चिठ्ठी दाबली. थोड्या वेळाने नखाने ओढून बघितली. पुन्हा ओढली.

"पूर्णपणे फसलेला प्रयोग," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिकटतो बरा." मग उठले. "सोमवारी मंडळ अधिकारी येतील. जबाबात वाळू शिल्लक नाही असं आहे. तेव्हा ती नसावी."

ते गेल्यावर मंदाबाई काकूंनी माझ्यावरून कानशिलाशी बोटं मोडली. आबा म्हणाले, "कागदवर काय बी ऱ्हावो, पोरनी काच करी." आईने संध्याकाळी पुरणपोळ्या केल्या. आखाजी तर परवाच झाली.

३ मे

चारुलताताईंना फोन केला. सरकारी कागदावर एक ब्रासला एक बाटली आहे, तो आकडा खोटा आहे. खरा अजून माझ्याकडे नाही, असं सांगितलं. त्या बराच वेळ हसत होत्या. म्हणाल्या, "खोटा आहे हे आधीच सांगणारी पहिलीच भेटलीस. खरा झाला की ये." त्यांनी मला माफ केलं की वेड्यात काढलं, कळलं नाही.

४ मे

कोपऱ्यातली घमेली आबांनी पहाटे नदीत नेऊन टाकली. राहिली ती घागरीतली पांढरी वाळू, महिनाभर लोहचुंबकाने निवडलेली, दाणा न् दाणा. पुढच्या प्रयोगांसाठी होती. उद्या सोमवार.

नव्या खोलीत ओट्यामागचा एक कोपरा गिलाव्याचा राहिला होता. कालवाकालवीत वाळू कमी पडली होती. आई तिथे थापी घेऊन बसली होती, नुसतीच. मी घागर तिच्यापुढे ओतली.

तिने वाळूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हाई ते तुनी निवडेल शे."

"कालव," मी म्हटलं.

सिमेंट तिने घातलं, पाणी मी. भिंतीला पहिला थर मीच थापला. वाकडा बसला, तिने सारखा केला. दुपारपर्यंत कोपरा पुरा झाला. आई हात धुताना म्हणाली की खिडकीशेजारी भिंतीत खुंट्या ठोकायच्या आहेत, माझा कुकर टांगायला. कुकर स्वयंपाकघरात असतो, पण तिच्याशी कोण वाद घालणार.

घागर उपडी करून झटकली. आता माझा जबाब खरा आहे. घरात वाळूचा एक कणही शिल्लक नाही.